नाव नसलेला गोल

आमच्या नव्या बागेच्या फाटकाशी एक मोठा रंगीत नकाशा लावला होता. चालण्याचा मार्ग, मुलांचे खेळ, गुलाबवाटिका, ज्येष्ठांचा कट्टा, प्रसाधनगृह, प्रत्येक जागेला नाव आणि नावाशेजारी छोटंसं चित्र. ज्येष्ठांच्या कट्ट्याशेजारी काठी टेकणारा एक वाकलेला म्हातारा काढला होता, त्याचा मला पहिल्याच दिवशी राग आला. पण त्याहून मोठी खोडी नकाशाच्या मधोमध होती. तिथे एक भला थोरला पांढरा गोल होता आणि त्याला नावच नव्हतं.

मी वहाब. अर्धं आयुष्य कुवेतला ट्रेलर चालवला. आता मुलगा फहाद तिकडे आहे आणि मी इकडे पनवेलला, बागेसमोरच्या इमारतीत, सुनेच्या हातची भाकरी खाऊन खिडकीत बसतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत. एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण गोड लागत नाही. बाग झाली तेव्हा बाकीचे लोक गुलाब बघायला गेले आणि मी गोल बघायला गेलो.

नकाशात होता तसाच तो जमिनीवरही होता. गुळगुळीत फरसबंदी, कडेला बसायला पायरी, आणि मध्ये काहीच नाही. झाड नाही, दिवा नाही.

वॉचमन गणूला विचारलं. तो म्हणाला, "चाचा, हेलिकॉप्टर उतरायला ठेवलाय. मोठे लोक येणार ना." माळ्याला विचारलं तर त्याच्या मते पैसे संपले होते. उद्यान समितीतल्या एका गृहस्थांनी मला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की हा पुढच्या टप्प्याचा विषय आहे. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याकडे माहीत नसलेल्या सगळ्या गोष्टी पुढच्या टप्प्यात असतात.

मग एका शनिवारी गोलाच्या पायरीवर एक मुलगी दिसली. पाठीला सॅक, हातात पेन्सिल, आणि त्या रिकाम्या गोलाकडे टक लावून बघत होती. माझ्यासारखंच वेड दिसतंय, म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. तिचं नाव विनिता. बागेचा नकाशा तिनेच काढला होता, आणि ते ऐकून माझा आनंद गगनात मावेना.

"मग सांग बेटा, हा गोल कशासाठी?"

"माहीत नाही, काका."

मी चिडलो. "तू काढलास आणि तुलाच माहीत नाही?"

ती हसली. "मीटिंगमध्ये जो तो काहीतरी सुचवत होता. मला वाटलं, एक जागा अशी ठेवू की तिथे काय करायचं ते लोकच ठरवतील. ऑफिसातल्या सरांना वाटलं, मी पुढच्या टप्प्यासाठी सोडलीये. मी तसंच वाटू दिलं. आता सुट्टी मिळाली की बघायला येते, काय झालं ते."

"आणि काय झालं?"

"अजून तरी काहीच नाही."

ती बिचारी सकाळ-संध्याकाळ येत होती आणि गोलातली खरी गंमत दुपारी चालायची. ती मी तिला त्या दिवशी सांगितली नाही. कारण ती नियमाबाहेरची होती.

झालं असं, की आमच्या मुबीनाला, म्हणजे सुनेला, स्कूटर शिकायची होती. रस्त्यावर शिकवायची तर कंटेनर अंगावर येतात आणि मोहल्ल्यात शिकवायची तर सल्ले अंगावर येतात. बाग दुपारी बंद असते. मी गणूला म्हटलं, बंद बागेत कुणी नसतं, म्हणजे तिथे नियमही कुणी मोडत नाही. गणूला हे पटलं, किंवा मुबीनाने पाठवलेली खीर पटली. आम्ही गाडी ढकलत आत नेली. कडेच्या बदामाच्या सावलीत बसून मी ओरडलो, मुबीना गोलात फिरली, आणि थोड्याच दिवसांत चालवायला लागली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. कुणाचा नवरा सौदीत, कुणाचा कतारमध्ये, मुलांची शाळा नवीन वसाहतीत, आणि रिक्षावाल्यांची मिजास तर तुम्हाला ठाऊकच आहे. आता मुबीना मागून गाडी धरून पळायची आणि मी नुसता तोंडाने शिकवायचो. परक्या बाईची गाडी मी धरणं बरं दिसलं नसतं.

त्या दुपारच्या शाळेत शांती आली ती पाणी प्यायला. शांती कोळीण, समुद्रकाठच्या करंज्याची माहेरवाशीण. तिचा भाऊ आनंदा करंज्याच्या बंदरात लिलावात मासळी घेऊन पहाटेच्या टेम्पोने पाठवायचा आणि ती डोक्यावर पाटी घेऊन पार नव्या वसाहतीत, करंजाड्यापर्यंत दारोदार विकायची. आमच्या घरी सुरमई तिचीच. विक्री आटोपली की रिकामी पाटी घेऊन बागेच्या नळावर यायची, गणू तिला आत सोडायचा. दोन दिवस तिने आमच्या बायकांची फजिती बघून पोट धरून हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती हसली नाही. पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"वहाबभाय, मला शिकवाल?"

"तुला कशाला गाडी?"

"डाक्टर बोलला, मानेचा मणका झिजलाय. पाटी बंद कर, नायतर हात लुळा पडंल. आणि करंजाड्यात तो लाल मोटारसायकलवाला येतो, थर्माकोलचा डबा घेऊन. फोन केला की दारात. माझी गिऱ्हाइकं त्याला फोन करायला लागली. आमी पाटी सोडली तर ती जानार, आनि नाय सोडली तर हात जानार. सांगा, काय करू?"

मी म्हटलं, उद्या ये. तिच्या भावाने, आनंदाने, आपल्या मुलीची जुनी स्कूटर मासळीच्या टेम्पोतून पाठवून दिली. त्या गाडीला आठवडाभर बोंबलांचा वास येत होता. मी तिच्यावर पुढे-मागे लाल रंगाने 'एल' काढला आणि शांतीला कच्चं लायसन्स काढायला लावलं. मी कुवेतला कायद्याने गाडी चालवली आहे, इथेही तसंच.

मी पुष्कळांना शिकवलं, पण शांतीसारखं पडताना कुणाला बघितलं नाही. ही बाई चिखलातून, गर्दीतून, डोक्यावर भरली पाटी घेऊन हात न लावता चालायची. आणि गाडीवर बसली की दोन हात जाऊन आडवी. डावीकडे पडायची, उजवीकडे पडायची, एकदा तर गाडी सुरूच नव्हती तेव्हा पडली. मुबीना धरून पळून पळून थकली. शांती उठायची, गुडघा चोळायची, समुद्रावरच्या चार शिव्या गाडीला द्यायची आणि परत बसायची. पण दिवसेंदिवस तिचा चेहरा उतरत चालला होता. पाटी तिने अजून सोडली नव्हती, आणि डावा हात रात्री बधिर होतो असं ती मुबीनाला म्हणाली होती.

एका दुपारी तिला यायला उशीर झाला. मुबीना माझ्याशी बोलत होती, पाठ गोलाकडे. शांती घाईने आली, मनात काय चाललं होतं कोण जाणे, तशीच गाडीवर बसली आणि रेस दिली. माझं तोंड उघडं राहिलं. तिच्या डोक्यावर चुंबळ होती, चुंबळीवर पाटी होती, आणि गाडी सरळ चालली होती. सरळ म्हणजे ओळंब्यात. तिने गोलाला एक फेरी मारली, दुसरी मारली, मग मुबीना किंचाळली तशी ती भानावर आली, हात वर नेला, पाटी सापडली, आणि घाबरून धाडकन पडली.

"अल्ला!" मी म्हटलं. "हे काय होतं?"

आता मला झोप लागणं शक्य नव्हतं. गणू म्हणाला, अंगात आलं. मी म्हटलं, वजन. भरला ट्रेलर रस्त्याला चिकटून चालतो आणि रिकामा उड्या मारतो, हे मी वाळवंटात शिकलोय. त्याच आठवड्यात शनिवारी विनिता आली होती. न राहवून मी तिला दुपारी थांबवून घेतलं आणि सगळं दाखवलं. गोलात फिरणाऱ्या बायका, बदामाखाली चपलांची रांग, पायरीवर वाळत घातलेले रुमाल.

"काका," ती म्हणाली, "मला हे शंभर वर्षं सुचलं नसतं." डोळे भरले होते पोरीचे.

मग आम्ही चौकशीला लागलो. गाडीच्या पायाशी वाळूची गोणी ठेवली. शांती गोणीसकट झेंडूच्या वाफ्यात गेली. माझा ट्रेलरचा सिद्धांत तिथेच पुरला, तरी मी अर्धी गोणी करून बघा म्हणालो. परत झेंडू. गोणी काढून डोक्यावर नुसती चुंबळ ठेवली. पडली. चुंबळीवर रिकामी पाटी ठेवली, आणि बाई निघाली की लाटेवर होडी. रिकाम्या पाटीला वजन ते काय? मी डोकं खाजवत चाकांकडे, हँडलकडे, सायलेन्सरकडे बघत होतो.

"अब्बा," मुबीना म्हणाली, "तुम्ही गाडीकडे काय बघताय? तिच्या तोंडाकडे बघा."

बघितलं. पाटी असताना शांतीची मान ताठ आणि नजर पार समोरच्या कुंपणापलीकडे. पाटी काढली की हनुवटी छातीला आणि डोळे पुढच्या चाकावर. चाकाकडे बघणारा पडणारच. हे मी प्रत्येकीला ओरडून सांगायचो, तिलाही सांगितलं होतं. पण सांगून मान वर राहत असती तर काय हवं होतं.

शांती पायरीवर बसली. पाटी मांडीवर घेऊन तिच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "आई बोलायची, पाटी घेतली की पायाकडं नाय बघायचं. पुढच्या दाराकडं बघायचं. तेवढंच शिकलेय मी."

"मग पाटी नसताना का बघतेस?" विनिताने विचारलं.

तिने जरा विचार केला. "पाटी पडंल म्हनून मान वर ऱ्हाते. मी पडंन म्हनून खाली जाते." मग स्वतःच हसली. "माझं काय, मी पडले तर उठंन. पाटी पडली तर मासळी मातीत."

मुबीनाने तिच्या हातातली पाटी काढून बाजूला ठेवली आणि तिला पाणी दिलं.

उत्तर मिळालं, पण अडचण तशीच राहिली. पाटी घेऊन रस्त्यावर गेली तर हवालदार थांबवणार, परीक्षा घेणारा साहेब हसून घरी पाठवणार. आणि पाटी डोक्यावरून उतरवायची म्हणून तर हा सगळा खटाटोप. मुबीनाने तोड काढली. लहान मुलाचं दूध तोडतात तसं करू. पाटीऐवजी सूप आलं. सूप जमलं तेव्हा ताट आलं. बागेच्या मधोमध, भर दुपारी, डोक्यावर आमच्या घरचं स्टीलचं ताट घेऊन कोळीण गोल गोल फिरत होती आणि ताटावर पडलेलं ऊन गुलाबवाटिकेपर्यंत उड्या मारत होतं. गणू म्हणाला, "चाचा, सर्कसचं तिकीट लावू का?" ताटानंतर ताटली आली. ताटली गेली की संपलं, असं आम्ही समजत होतो.

आणि तेव्हाच विनिता बातमी घेऊन आली. वरच्या लोकांना गोलासाठी नाव सापडलं होतं. गोलात विमान बसवणार. सिमेंटचं, पंखांसकट, मुलांना आत बसून फोटो काढायला. इथे विमानतळ येणार येणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, त्याची एक वीट अजून दिसली नव्हती आणि समितीत विमानाच्या रंगावरून भांडण चालू होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

"काका, बैठकीला चला," विनिता म्हणाली. "गोलाचा उपयोग होतोय हे कुणी सांगितलं तर कदाचित थांबेल. माझं कुणी ऐकत नाही."

मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मनात भाषण तयार होतं. अध्यक्षांनी अगदी अदबीने विचारलं, "बोला वहाबभाई, त्या रिकाम्या जागेचा लोकांना काय उपयोग आहे?"

मी तोंड उघडलं आणि मला दारात उभा असलेला गणू दिसला. पाण्याचे पेले घेऊन आला होता. काय सांगणार होतो मी? बंद बागेत गाड्या आत जातात म्हणून? फाटक कोण उघडतं, हा पुढचाच प्रश्न होता. गणूची नोकरी त्या दिवशीच गेली असती. आणि बायकांची नावं मोहल्ल्यात फिरली असती ती वेगळीच. विनिता माझ्याकडे बघत होती. तिलाही ते तेव्हाच उमगलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

"मोकळं वाटतं," मी म्हणालो. "बरं वाटतं."

सगळे हसले. एकजण म्हणाला, मोकळं तर विमानातही वाटतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. घरी आल्यावर मी जेवलो नाही. गोल कशासाठी आहे ह्याचं उत्तर साऱ्या पनवेलमध्ये मला पक्कं ठाऊक होतं, आणि मलाच ते बोलता येत नव्हतं.

सोमवारी कुंपणाचे पत्रे आले. कामगार गोलाच्या कडेने खांब रोवून हिरवे पत्रे ठोकत होते. मी आणि मुबीना फाटकाशी उभे होतो. गणूही होता, पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. शांती अजून ताटलीवरच होती. ताटलीशिवाय ती एकदाही पुरती फेरी मारू शकली नव्हती. आता कुठे शिकणार?

तेवढ्यात ती आली. दुपारी नाही, सकाळीच. स्कूटर ढकलत. पायाशी भरली पाटी ठेवून दोरीने बांधलेली, वर ओलं फडकं, फडक्याखालून पापलेटांच्या शेपट्या दिसत होत्या. डोक्यावर नुसती चुंबळ. पत्र्यांकडे तिने एकदा बघितलं.

"संपली शाळा?" ती म्हणाली.

"संपली," मी म्हटलं. "दुसरीकडे जागा बघू. मैदान बघू. तू आज घरी जा."

"आज नाय गेले करंजाड्यात तर उद्या कोन दार उघडनार नाय, वहाबभाय. चार दिस हात उचलत नव्हता, घरात होते. लाल गाडीवाल्याने सगल्यांना नंबर वाटलेत." ती मुबीनाकडे वळली. "मुबीनाबाय, मागं बसशील? तुझ्याकडं पक्कं लायसन हाय."

मुबीनाने माझ्याकडे बघितलं. फहादला फोनवर काय सांगायचं हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. खरं सांगतो, मला भीती वाटली. मुबीनाने मात्र परवानगीची वाट बघितली नाही. तिने दुपट्टा कमरेला बांधला आणि मागे बसली.

शांतीने डोक्यावरची चुंबळ काढली. कापडाची ती गुंडाळी घामाने काळी पडली होती आणि मध्ये डोक्याच्या आकाराचा खोलगट भाग झाला होता. ठेवायला जागा दिसेना, म्हणून तिने ती माझ्या हातात दिली.

"धरा जरा."

गाडी सुरू झाली, हलली आणि डावीकडे कलली. मुबीनाचा पाय जमिनीला लागला. पत्रे ठोकणारे थांबून बघू लागले. शांतीची हनुवटी हळूहळू छातीकडे जाऊ लागली, डोळे चाकाकडे. मला राहवलं नाही. भर रस्त्यात, साऱ्या लोकांसमोर मी ओरडलो, "शांती! दार बघ! पुढचं दार!"

मान वर झाली. गाडी निघाली. गुलाबवाटिकेच्या कुंपणावरून, रिक्षा स्टँडवरून, सरळ. वळण आलं. वळणावर तिचा डावा हात हँडलवरून सुटला आणि डोक्याकडे गेला, पाटी सावरायला. तिथे काहीच नव्हतं. हात क्षणभर केसांवर तसाच राहिला. मुबीनाने मागून तिची कंबर घट्ट धरली. मला वाटलं, आता पडल्या.

हात खाली आला आणि हँडलवर बसला. मान मात्र खाली आली नाही. करंजाड्याच्या रस्त्याला गाडी लागली, आणि तिची नेहमीची आरोळी, पाटीखालून जराशी दबून यायची तीच, आज मोकळ्या गळ्याने ऐकू आली.

"मावरं घ्या, मावरं!"

"पडल्या का, चाचा?" गणूने विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. हातातली चुंबळ अजून गरम होती.